शेजाऱ्याचा जबाब

१२ जानेवारी

बारके,

वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हा दुसरा घेतला. दोन वर्षांत तू माझी तीन पत्रं न फोडता परत पाठवलीस, त्यामुळे आशीर्वादांचा बराच साठा माझ्याकडे पडून आहे. लागतील तेव्हा मागव. या पाकिटावर मुद्दाम गटाचा शिक्का मारला आहे, म्हणजे निदान कुतूहलाने तरी फोडशील. चिटणीसपदाचा हा दुरुपयोग आहे हे मला कळतं. माझ्या दुरुपयोगांत हा सर्वांत निरुपद्रवी धरावा.

प्रयोजन असं, की तू तिकडे ज्या शेतकरी गटात नाव घातलं आहेस, त्यांचं पत्र आमच्या गटाला आलं आहे. पत्र सरळ आणि सुवाच्य आहे. तुमचा चिटणीस शहाणा दिसतो. पहिलं अर्धं पान त्याने आम्हाला आपली पद्धत समजावण्यात घालवलं आहे. कंपनीचा तपासनीस बोलावून सेंद्रियचा दाखला घेणं लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही, म्हणून आम्ही एकमेकांची शेतं स्वतः फिरून पाहतो, पाहणीचा फॉर्म भरतो आणि सर्वांच्या सह्यांनी एकमेकांची हमी देतो, वगैरे. ज्या गटाची नियमावली मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिली, त्या गटाला हे वाचताना जरा गंमत वाटली. पुढचं अर्धं पान वाचताना वाटली नाही.

ते विचारतात: या बाई पूर्वी तुमच्या गटात होत्या. त्यांचं हमीपत्र तुम्ही रद्द केलंत, असं त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं. कारण काय होतं? आणि आज तुम्ही त्यांची हमी द्याल का? उत्तर मार्चअखेरपर्यंत हवं. न आल्यास अर्ज निकाली काढला जाईल.

तू स्वतःच सांगितलंस. तुझ्या जागी मी असतो तर 'कौटुंबिक कारणास्तव' म्हणून मोकळा झालो असतो. तुला लहानपणापासून ही खोड आहे. फुटलेली बरणी मी कपाटामागे सरकवायचो आणि तू ती काढून आईच्या हातात नेऊन द्यायचीस.

असो. मी मसुदा तयार केला आहे. 'सदर सभासदांनी वैयक्तिक कारणाने गट सोडला. त्यांच्या सचोटीविषयी गटास आदर आहे.' एवढंच. कोणी खोलात जाणार नाही. आमच्या अध्यक्षा, नर्सबाई, हल्ली चष्मा न लावताच सही करतात. तुझ्या मुलीच्या गावातली ती भाड्याची जमीन, तू दीड वर्ष खपून कसदार केलेली ती माती, तिला पुन्हा नाव मिळेल. नाव नसेल तर तुझी भाजी बाजारात चारचौघींसारखी पडून राहील, हे तू अनुभवलं आहेसच.

फक्त 'हो' असं कळव. एका कार्डावर मावतं.

दादा

३० जानेवारी

बारके,

कार्ड मिळालं. 'हो' त्यात नाही. बाकी सगळं आहे, आणि चार ओळींत आहे. मी मुलांना पंचवीस वर्षं संक्षेपलेखन शिकवलं, पण माझ्या वर्गात असं एकानेही लिहिलं नाही.

'दादा, तुझा मसुदा खोटा आहे. मी गट सोडला नाही, मला काढलं. मी काही मारलं नव्हतं. तुला ठाऊक असेल ते लिही, नाहीतर काही लिहू नकोस.'

तेव्हा त्या पाहणीबद्दल मला काय ठाऊक आहे, ते लिहितो.

दिवस कोरडा होता, वारा पडलेला. आम्ही सहा जण सकाळीच तुझ्या फाटकाशी आलो. तू सगळ्यांना पाणी दिलंस आणि गटातल्यांसारखीच मला म्हणालीस, 'पंडित, तुम्हाला दोन पेले, तुम्हाला बोलायचं असतं.' सगळे हसले. शेजारी आणि नातलग परीक्षक होऊ शकत नाहीत हा नियम मीच लिहिलेला. मी तुझा दोन्ही होतो, म्हणून फक्त फॉर्म भरायला आलो होतो. गवंडी पुढे, त्याच्या मागे मधवाला, मग नर्सबाई, मागून मी पाटी आणि कागद घेऊन. कंपोस्टचा ढीग पाहिला, बियांचे डबे पाहिले, अवजारांची खोली पाहिली. सगळं तुझ्यासारखं, म्हणजे दृष्ट लागावी असं.

मग आपला सामाईक बांध आला. बांधालगतच्या तुझ्या टोमॅटोच्या दोन ओळी. शेंडे पिळवटलेले, पानं अरुंद होऊन दोरीसारखी वळलेली. गवंडी उकिडवा बसला, एक पान बोटांत फिरवून म्हणाला, 'हा रोग नाही. हे तणनाशक आहे.' विटा रचता रचता शेतकरी झालेला माणूस, पण पानं त्याला कळतात.

तू म्हणालीस, मी काही मारलेलं नाही, मलाही परवापासून कळत नाही हे काय आहे. गवंडी म्हणाला, मग काय आभाळातून पडलं? तू म्हणालीस, मला माहीत नाही. त्यावर तो तुला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

फॉर्मवर शेवटी 'शेजाऱ्याचा जबाब' म्हणून दोन ओळींची चौकट असते. मधवाला माझ्याकडे वळून गमतीनेच म्हणाला, 'काय पंडित, तुम्ही तर नाही ना मारलंत?' आणि मी म्हणालो, 'अहो, मला साधा पंप पाठीवर चढवता येत नाही.' सगळे पुन्हा हसले, कारण ते खरं आहे. माझ्या हातात कोयता दिसला तरी लोक दोन पावलं मागे सरतात. मग मी चौकटीत लिहिलं: 'शेजाऱ्याच्या पाहण्यात काही आलेलं नाही.'

तू हसली नव्हतीस. तू माझ्याकडे बघत होतीस.

नियम तुला आठवतो. चूक कबूल केली तर तेवढा पट्टा एक हंगाम बाजूला, बाकी शेत चालू. चूक लपवली तर नाव वगळायचं. गटाने ठरवलं, तू लपवलंस. आठ दिवसांत तुझं हमीचं कार्ड परत घेतलं, महिन्याभरात तुझी नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्या टोपल्यांकडे वळली, आणि हंगाम संपायच्या आत तू जमीन दुसऱ्याला कसायला देऊन मुलीकडे गेलीस.

हे मला ठाऊक आहे. आणि हेही, की त्या सुमाराला बांधावर काहीतरी मारलं गेलं होतं. मी तेव्हा ते बोलायला हवं होतं.

दादा

३१ जानेवारी

बारके,

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि घरी पोचेपर्यंत मला त्याची शिसारी आली. पोस्टमनला गाठून परत मागितलं, पण तो म्हणाला, एकदा टाकलं की टाकलं. त्याच्या खात्याचे नियम आपल्या गटापेक्षा कडक आहेत.

'काहीतरी मारलं गेलं होतं.' जणू बाटली आपली आपण चालत बांधावर गेली.

मी मारलं.

तुझ्या पाहणीच्या अकरा दिवस आधी. तुझ्यानंतर माझ्या शेताची पाहणी होती. माझ्या बाजूला बांधावर काटेरी रानटी झुडपं आणि वेली माजल्या होत्या. आदल्या वर्षी गवंडी म्हणाला होता की पंडितांच्या बांधावर हत्ती हरवला तर पुढच्या पाहणीलाच सापडेल. त्यावर मीही हसलो होतो. पण पाठ धरलेली होती, खुरपं घेऊन बसलो की उठताना तुझ्या वहिनीला हाक मारावी लागायची, आणि हाताने तण काढण्याच्या महतीवर मी जे चार पानी पत्रक लिहिलं होतं ते सगळ्या गिऱ्हाइकांच्या टोपलीत गेलेलं होतं. ते पत्रक लिहिणाऱ्याचा बांध असा, हे मला सोसेना. नुसती फुशारकी, बारके. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं शोधतोय.

दोन गावं पलीकडे गेलो, जिथे मला कोणी ओळखत नाही. दुकानदाराने विचारलं, कुठल्या पिकात? मी म्हणालो, घराच्या अंगणात. तिथूनच खोटं सुरू झालं. ज्याला माझं नावही ठाऊक नव्हतं त्याच्याशीसुद्धा. पाठीवरचा पंप लागलाच नाही. झाडांवर पाणी शिंपडायचा हातातला छोटा फवारा पुरला. म्हणजे पंपाबद्दल मी जे बोललो ते अक्षरशः खरं होतं. असं अक्षरशः खरं बोलण्यात माझी हयात गेली आहे.

त्या दिवशी वारा तुझ्या बाजूला होता. मला तो गालावर लागत होता. मी थांबलो नाही, कारण निम्मा बांध झाला होता आणि अर्धवट पिवळा पडलेला बांध जास्त उठून दिसला असता.

चार दिवसांनी माझ्या बाजूची झुडपं माना टाकू लागली. मी ती उपटली, पुरली, आणि वर वाळलेल्या गवताचं आच्छादन घातलं. पाहणीच्या दिवशी माझी बाजू स्वच्छ आणि तुझी बाजू आजारी. नर्सबाई मला म्हणाल्या, पंडित, यंदा बांध छान ठेवलाय. मी आभार मानले.

मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? माझ्या शेताचा एक पट्टा आणि तुझ्या दोन ओळी एक हंगाम बाजूला. गवंड्याने वर्षभर थट्टा केली असती. बस. यातून सुटायची वाट मी स्वतःच त्या नियमावलीत लिहून ठेवली होती. आणि दुसरं कलम, लपवणाऱ्याला वगळायचं, तेही माझंच. ते लिहिताना मी तुला म्हणालो होतो की हे कलम कोणावर वापरायची वेळ येणार नाही, पण भाषा भारदस्त हवी.

तू तेव्हाच ओळखलं होतंस का, हे मी विचारत नाही. विचारायचा मला अधिकार नाही, आणि उत्तराची भीतीही वाटते.

माझं हे पत्र गटापुढे ठेवायला तुझी हरकत असली तर कळव. नसली तरी कळव.

२४ फेब्रुवारी

बारके,

तू काहीच कळवलं नाहीस. ती परवानगी धरून मी परवा बैठकीत बोललो.

बैठक नर्सबाईंच्या माल भरायच्या खोलीत होती. पालथ्या घातलेल्या क्रेटवर सगळे बसलेले, मधे वजनकाटा, त्यावर मधवाल्याने आपली टोपी ठेवलेली. मी नेहमीसारखा मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचला आणि म्हणालो की एक विषय पत्रिकेवर नाही. मग सांगितलं. तयारी करून गेलो होतो, भाषा जुळवली होती; ती पहिल्याच वाक्याला विसरलो, ते एक बरं झालं.

मधवाला आधी हसला. त्याला ही नवी गंमत वाटली. म्हणाला, 'पंडित, तुम्हाला पंप पाठीवर चढवता येत नाही.' दोन वर्षं हे वाक्य गटात माझ्या नावाने चालत होतं, आणि मीही दर वेळी मान डोलवत होतो. मी म्हणालो, पंप नव्हता, हातातला फवारा होता. तेव्हा त्याने काट्यावरची टोपी उचलली आणि मांडीवर ठेवली.

नर्सबाईंनी विचारलं, कोणतं औषध, किती, बांधाची किती लांबी, वाऱ्याची दिशा. रुग्णाची माहिती लिहून घ्यावी तसं एकेक. मी सांगत गेलो. त्या लिहीत होत्या, कारण लिहिणारा माणूस या वेळी दुसऱ्या बाजूला होता.

गवंडी आपल्या त्या मोठ्या हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसला होता. मग म्हणाला, 'मी त्या बाईला तोंडावर खोटारडी म्हटलं. तिच्याच शेतात उभं राहून. आणि तुम्ही शेजारी उभे राहून ते लिहून घेतलंत.'

मी हो म्हणालो.

'माझं अक्षर वाईट,' तो म्हणाला, 'म्हणून मी सगळं तुमच्यावर सोडायचो.'

निर्णय असे झाले. माझं नाव वगळलं, दुसऱ्या कलमानुसार. तुझं नाव वगळण्याचा ठराव रद्द केला, एकमताने. माझं मत धरलं नाही. आजवरचे पाहणीचे सगळे फॉर्म माझ्या हातचे आहेत, म्हणून सगळी शेतं पुन्हा फिरून नव्याने लिहायची. म्हणजे माझ्या एका चौकटीपायी पाच घरांना महिनाभर वणवण. गिऱ्हाइकांना गटातर्फे पत्र जाईल, त्यात तुझ्या आणि माझ्या दोघांच्या बाबतीत जे घडलं ते असेल. चिटणीस मधवाला झाला. त्याने शिक्का घेताना तो पुसून खिशात टाकला.

तुमच्या गटाला उत्तर कोणी लिहायचं, एवढं राहिलं होतं. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, 'ते पंडितच लिहितील. शेवटचं. आणि साध्या भाषेत लिहा, कळलं का? मी चष्मा लावून वाचणार आहे.'

घरी आल्यावर तुझ्या वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'तुमच्या सदऱ्याला वास आला होता तेव्हाच. मी दोनदा धुतला. म्हटलं, आज सांगाल, उद्या सांगाल.' आणि पुढची जुडी सोडली. दोन वर्षं आम्ही दोघं एकाच ताटलीतली लिंबाची फोड वाटून घेत होतो, आणि तिला ठाऊक होतं. हे मला बैठकीपेक्षा जड गेलं.

दादा

१ मार्च

बारके,

पाठवलेल्या उत्तराची नक्कल, तुझ्या माहितीसाठी. नर्सबाईंनी तीन विशेषणं काढली.

'आपण विचारलेल्या बाईंनी शेतात कोणतंही रसायन वापरलं नव्हतं. त्यांच्या पिकावर तणनाशक उडालं ते बांधापलीकडून. ते मारणारा त्यांचा सख्खा भाऊ होता, आणि तोच गटाचा चिटणीस होता. पाहणीच्या वेळी त्याला विचारलं असता त्याने ते लपवलं, आणि गटाने त्याच्यावर विश्वास ठेवून या बाईंना काढलं. ही गटाची चूक होती. गट त्यांची क्षमा मागतो आणि त्यांची पूर्ण हमी देतो.'

खाली सहा सह्या. सहावी माझी, सभासद म्हणून नाही, 'लिहिणारा' म्हणून.

१६ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं. पाकीट पाहून तुझी वहिनी हात पुसत बाहेर आली आणि मी ते फोडेपर्यंत दारातच उभी राहिली.

गटात तुला घेतलं, हे पहिल्याच ओळीत लिहिलंस ते बरं केलंस. पुढचं वाचायला धीर आला. पिवळं कार्ड, त्यावर आठ सह्या. तुझ्या जमिनीच्या चारी बाजूंना कोण काय पिकवतं, हे त्यांनी आधी विचारलं, हेही आवडलं. आपण ते सर्वांत शेवटी विचारायचो, दोन ओळींत.

मग तू लिहितेस की तुमच्याकडे नव्या सभासदाने आपल्याबद्दल आलेलं पत्र सर्वांसमोर उभं राहून स्वतः वाचायचं असतं. तू वाचलंस. आणि 'त्यांचा सख्खा भाऊ' असं जिथे होतं, तिथे तू 'शेजारी' असं वाचलंस. तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, असा शेजारी कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. एवढं लिहून तू थेट दुधी भोपळ्याच्या वेलांवर गेलीस.

गेले चार दिवस मी या एका ओळीभोवती फिरतोय. तुझ्या वहिनीचं म्हणणं, तिने तुम्हाला झाकलं, दुसरं काय. रक्ताचं नातं आहे, चारचौघांत कशी उघडं पाडेल. मी तिला म्हणालो, तसंच असेल. पण मला खात्री नाही. शेजाऱ्याचं नातं बांधापुरतं असतं, आणि तुझा तो बांध आता दुसरा माणूस कसतो. तू मला झाकलंस की काढून टाकलंस, हे तुझ्या अक्षरावरून मला कळेना. एरवी मला अक्षरावरून बरंच कळतं, असा माझा समज होता.

पण कशासाठीही असो, तसं ठेवू नकोस. तुमच्या वहीत चुकीची नोंद गेली आहे. ते पत्र तुमच्या चिटणिसाकडे आहे, तो शहाणा माणूस आहे, एक दिवस ते पुन्हा काढून वाचेल आणि तुझ्या तोंडचं आणि कागदावरचं जुळत नाही हे त्याला दिसेल. तेव्हा तो तुला विचारेल. तुझ्यावर पुन्हा तसं उभं राहायची पाळी यावी, तीही माझ्यापायी, हे मला सोसणार नाही. मोठेपणाने लिहीत नाही. माझ्यात आता तेवढं उरलेलं नाही. इथे बाजारात माझी भाजी कार्डाशिवाय ठेवतो, आणि कोणी विचारलं की ही बिनऔषधाची का, तर सांगतो: भाजीवर नाही, पण दोन वर्षांपूर्वी बांधावर मारलं होतं आणि लपवलं होतं. काही जण टोपली खाली ठेवतात. एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्याला तेच विचारतात आणि दर आठवड्याला मी तेच सांगतो. त्यांना विसरायला होतं की ते मुद्दाम करतात, कोण जाणे. त्यामुळे मला सवय झाली आहे. तू तुझ्या पुढच्या बैठकीत उभी राहून सांग, की मी चुकीचं वाचलं, तो शेजारी नव्हता, माझा भाऊ होता. ती मागची बाई मग माझ्याबद्दल जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळव.

आणि तू चुकून नाही तर ठरवून वाचलं असशील, मला यापुढे शेजारीच ठेवायचं असेल, तर मी तेही मान्य करीन. पण मग ते तू मला सरळ लिही, तुझ्या त्या चार ओळींत. गाळलेल्या शब्दावरून मला ते समजून घ्यायला लावू नकोस.